तळ्यावरचे पक्षी मोजायचे कसे? पहिल्या हिवाळ्यासाठी मार्गदर्शन

हिवाळ्यात एखाद्या तळ्याच्या भरावावर उभं राहिलं की पहिला प्रश्न पडतो, ‘हा कोणता पक्षी?’ दुसरा प्रश्न, ‘किती आहेत?’, फारच थोड्यांना पडतो. पाणथळीच्या दृष्टीने कामाचा आहे तो हा दुसराच. तळ्यावर वारकरी (पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी) येतात हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. समजा मागच्या जानेवारीत ते आठशे होते आणि यंदा नव्वद आहेत, तर ही गोष्ट दोन्ही वर्षी कुणी मोजलं असेल तरच कळते. नाहीतर ‘पूर्वी खूप असायचे हो’ एवढंच हातात राहतं, आणि त्या वाक्यावर कोणतंही कार्यालय हलत नाही.

मोजणी ही तज्ज्ञांची मक्तेदारी नाही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते. वेटलँड्स इंटरनॅशनल आणि आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तिचं सूत्रसंचालन करतात, पण प्रत्यक्ष काठावर उभे असतात ते हौशी लोकच. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा निवडण्यामागे साधं कारण आहे: उत्तरेकडून आलेले पाहुणे तोवर स्थिरावलेले असतात आणि परतीची घाई सुरू झालेली नसते. पक्षी कमीत कमी इकडेतिकडे होतात, म्हणून एकच थवा दोन तळ्यांवर मोजला जाण्याची शक्यताही कमी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरुवात केलीत तर जानेवारीपर्यंत हात बसतो. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मुहूर्तच हवा असेल तर तोही चांगला.

तळं निवडताना हाव नको

नवखा माणूस थेट भिगवणला किंवा नांदूर मध्यमेश्वरला जातो, दहा हजार पक्षी एकदम बघतो आणि चक्रावून परत येतो. तिथे जरूर जा, पण बघायला. मोजायला मात्र घरापासून अर्ध्या तासावरचं, तासा-दीड तासात काठाने फिरून होईल असं गावतळं, पाझर तलाव किंवा एखाद्या धरणाच्या फुगवट्याचा कोपरा घ्या. जिथे वर्षातून बारा वेळा जाणं जमेल तेच तुमचं तळं. उन्हाळ्यात आटतं म्हणून त्याला नावं ठेवू नका. पाणी मागे हटतं तेव्हा उघडा पडणारा ओला चिखल हेच तुतवार, टिलवे, शेकाटे अशा चिखलातल्या पक्ष्यांचं चरण्याचं रान असतं. काठोकाठ भरलेलं, दगडी पिचिंग केलेलं, देखणं तळं पक्ष्यांच्या दृष्टीने बऱ्याचदा उपाशी असतं.

मोजणीच्या आधी एकदा नुसती पाहणी करा. काठाने फिरून तीन-चार उभं राहण्याच्या जागा ठरवा आणि वहीत तळ्याचा ओबडधोबड नकाशा काढून त्यांना क्रमांक द्या. प्रत्येक जागेवरून पाण्याचा कोणता तुकडा मोजायचा त्याच्या खुणाही तेव्हाच ठरवा: ‘पंपाच्या खोलीपासून वाकड्या बाभळीपर्यंत’, ‘बाभळीपासून सांडव्यापर्यंत’. या खुणा नसतील तर दोन जागांवरून तोच थवा दोनदा मोजला जातो. पहिल्या वर्षातली सर्वांत मोठी चूक हीच. बांधावरून जाणार असाल तर शेतकऱ्याला विचारा. काठालगतच्या गाळपेरात हरभरा किंवा गहू उभा असतो आणि दुर्बिणीत डोळा असताना पायाखाली काय तुडवलं जातंय हे कळत नाही.

ऊन पाठीशी हवं. सकाळी मोजणार असाल तर पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघा. समोरून ऊन असलं की सगळी बदकं काळी दिसतात आणि पाण्याच्या चमचमाटात निम्मी गायबच होतात. जाण्याजोगा काठ फक्त पश्चिमेचाच असेल तर हट्ट न करता दुपारी साडेतीननंतर जा. एकदा सकाळ किंवा संध्याकाळ ठरली की मग दर वेळी तीच ठेवा.

दुर्बीण आणि बाकीचं सामान

दुर्बीण ८ बाय ४२ची घ्या. आठ पट मोठं दिसतं आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून सकाळच्या अंधुक उजेडातही पुरेसा प्रकाश येतो. दुकानदार दहा पट, बारा पट, वीस पट असं वर वर नेतो. हातात धरलेली बारा पटीची दुर्बीण थरथरते आणि तिच्यातून दिसणारा पट्टा अरुंद असतो. थवा मोजायला तुम्हाला रुंद पट्टा हवा आहे.

बहुतेक नव्या दुर्बिणी ‘धूसर’ असल्याच्या तक्रारीचं मूळ एकच: उजव्या डोळ्याची जुळणी केलेली नसते. लांबचा एखादा फलक निवडा. उजवं भिंग हाताने झाका, डाव्या डोळ्याने बघत मधलं चाक फिरवून अक्षरं स्पष्ट करा. मग डावं भिंग झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रिकेवरची कडी फिरवून अक्षरं स्पष्ट करा. ती कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. चष्मा असेल तर नेत्रिकेचे रबरी कप आत दाबून ठेवा. पक्षी दुर्बिणीत सापडत नाही ही दुसरी तक्रार. दुर्बीण डोळ्याला लावून पक्षी शोधायचाच नसतो. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्याकडे बघत राहा, नजर न हलवता दुर्बीण वर आणा.

मोठ्या तळ्यावर २० ते ६० पटींची स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) आणि भक्कम तिपाई लागते, पण ती गटात एक असली तरी पुरते. ६० पटींचा मोह टाळा. नऊ-दहानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि ही थरथर पक्ष्याबरोबर तेवढीच मोठी होते. २५-३० पटींवरच चित्र स्वच्छ राहतं. बाकी सामान साधं: टाचणवही, पेन्सिल (दवाने शाई फुटते), बोटाने दाबायचा गणक, पाणी, टोपी, आणि मळकट रंगाचे कपडे. पांढरा शर्ट घालून भरावावर उभं राहणं म्हणजे लांबून निशाण फडकवणं. काळ्या मातीच्या काठावर बुटाला किलोभर चिखल चिकटतो, तेव्हा जुने बूट घाला. चिखलात उतरू मात्र नका. वरून वाळलेला दिसणारा गाळ आतून मऊ असतो आणि माणूस मांडीपर्यंत जातो.

परातीतले हरभरे

तळ्यावर जाण्याआधी आठवडाभर घरी करायचा हा सराव. कुणालातरी मूठभर हरभरे परातीत टाकायला सांगा. पाच सेकंद बघा, झाका, आकडा लिहा. मग खरे मोजा. पहिल्या दिवशी शंभर हरभऱ्यांना तुम्ही साठ-सत्तर म्हणाल. जवळजवळ सगळेच कमी सांगतात आणि ढीग जितका मोठा तितकी तूट मोठी. आता नजरेने दहा हरभरे मोजा, ते दहा परातीत किती जागा व्यापतात ते बघा आणि तेवढी जागा परातीवर उचलून ठेवत चला: दहा, वीस, तीस. दाट ढिगात दहांची जागा छोटी, कडेच्या विरळ भागात मोठी, हे आपोआप जमू लागतं. चार-पाच दिवसांत चूक दहा-पंधरा टक्क्यांवर आली की हात बसला समजा. मग हरभऱ्यांत थोडे शेंगदाणे मिसळा आणि फक्त शेंगदाणे मोजा. मिश्र थव्यातली गढवाल बदकं वेगळी काढताना नजरेला नेमकं हेच करावं लागतं.

काठावरची सकाळ

हिवाळ्यात पाण्यावर धुकं असतं. सूर्य उगवताच मोजायला लागू नका. धुकं उठेपर्यंत आवाज ऐका, जागेवर बसा. साधारण साडेसातला सुरुवात करून साडेदहाच्या आत संपवायचं.

तिघांचा गट सर्वांत सोयीचा: एक बघतो आणि आकडा बोलतो, दुसरा तोच तुकडा स्वतंत्रपणे बघून ताडतो, तिसरा फक्त लिहितो. लिहिणाऱ्याने दुर्बीण गळ्यातून काढून ठेवावी, हा नियम वाटतो तेवढा विनोदी नाही. तो बघायला लागला की आकडे हवेत जातात.

जागेवर पोचताच आधी उडून जाणारे मोजा. बदकं, करकोचे, चमचे हे बुजरे. तुमची चाहूल लागली की निघाले. मग कडेचे चिखलावरचे पक्षी, आणि शेवटी बगळे, ढोकरी, खंड्या. ही मंडळी कुठे जात नाहीत. डावीकडून उजवीकडे एकाच वेगाने नजर फिरवा. एका जातीसाठी एक फेरी. पन्नासपर्यंतचा थवा एकेक मोजा. त्यापुढे परातीतल्यासारखी दहांची जागा, आणि हजाराच्या वरच्या थव्याला शंभरांची जागा ठरवा. मात्र ते पहिले शंभर खरोखर एकेक मोजूनच. ‘हे शंभर असतील’ असं म्हणून सुरुवात केली की पुढचा सगळा हिशोब त्या चुकीच्या पटीत जातो.

थव्यातून पक्षी उडाले तर काय? जो तुकडा मोजून झाला आहे तिथून उडून पुढच्या, न मोजलेल्या तुकड्यात बसलेले पुन्हा मोजायचे नाहीत. न मोजलेल्या तुकड्यातून उठून मागे मोजलेल्या भागात गेलेले मोजायचे. वरून नुसते पार झालेले वेगळ्या ओळीत, ‘उडताना’ असे. दलदल ससाणा काठावरून हलत हलत आला की मात्र सगळं तळं एकदम उठतं. अशा वेळी घाईने आकडा ओढू नका. दोन मिनिटं नुसतं बघा. उडताना बदकांच्या पंखांवरचे पट्टे दिसतात आणि जात पटते. मग सगळे बसले की तो तुकडा शून्यापासून पुन्हा मोजा.

बुड्या मारणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. टिबुकल्या आणि पाणकावळे यांतले काही दर क्षणी पाण्याखाली असतात. तीन वेळा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा लिहा. सरासरी काढू नका. पाणकणसाच्या बेटात शिरलेल्या जांभळ्या पाणकोंबड्यांचं उलट: बाहेर दिसल्या तेवढ्याच मोजा आणि पुढे ‘किमान’ लिहा. आत किती असतील याचा अंदाज बांधायचा नाही. वारा जोराचा असेल तर मोकळं पाणी रिकामं दिसेल. बदकं वाऱ्याच्या आडोशाच्या काठाला गोळा होतात, तिथे बघा.

कुठे चुकायला होतं

पाण्यावरचा प्रत्येक काळा ठिपका बदक नसतो. कपाळावर पांढरी ढाल आणि पांढरी चोच दिसली की तो वारकरी, आणि तो बदकांच्या कुळातलाच नाही. बोटांना जाळी नसते, बाजूने झालरीसारख्या पाळ्या असतात. तपकिरी, कापसाच्या बोळ्यासारखी गोल, शेपूट जणू नाहीच, आणि बघता बघता बुडी मारून दहा हातांवर वर येणारी ती टिबुकली. अंग पाण्यात खोल बुडालेलं, मान वर आणि चोच किंचित आभाळाकडे, असा तो पाणकावळा.

पांढऱ्या बगळ्यांना ‘बगळे’ म्हणून एका ओळीत टाकण्याचा मोह होतो. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे मात्र पिवळे; चिखलातून पाय उचलतो तेव्हा क्षणभर दिसतात. गायबगळा आखूड मानेचा, पिवळ्या चोचीचा, पाण्यापेक्षा गुरांच्या पायात जास्त. मोठा आणि मध्यम बगळा यांत घोळ होतो. तिथे उंचीवर विसंबू नका, कारण शेजारी दुसरा बगळा नसेल तर उंची कळत नाही. दुर्बिणीतून जबड्याची रेघ बघा. मोठ्या बगळ्याची रेघ डोळ्याच्या मागे जाते, मध्यमाची डोळ्याखालीच थांबते. आणि चोचीच्या रंगावर सगळा भार टाकू नका. विणीच्या हंगामात मोठ्या बगळ्याची पिवळी चोच काळी होते.

बदकांत नर ओळखायला सोपे, माद्या सगळ्या तपकिरी ठिपक्यांच्या. तिथे चोच आणि आकार धरा: थापट्याची चोच पुढे फावड्यासारखी पसरट, तलवार बदकाची मान लांब आणि शेपूट टोकदार. भुवई बदकाच्या नराला रुंद पांढरी भुवई असते. हळदी-कुंकू बदकात मात्र नर-मादी सारखेच. काळ्या चोचीचं टोक हळदीचं आणि बुडाशी कुंकवाचे ठिपके, एकदा बघितलं की नाव विसरत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेल्या स्थलांतरित बदकांचे नरही मादीसारखेच मळके असतात, त्यांचा झगमगता पिसारा नंतर येतो. त्या दोन महिन्यांत ‘फक्त माद्याच आल्या’ असा निष्कर्ष काढू नका.

चिखलावरचे बारके पक्षी पहिल्या वर्षी फार छळतात. लांब लाल पायांचा शेकाट्या आणि कर्कश टिटवी सोडली तर बाकी सगळे तपकिरी पाठीचे, पांढऱ्या पोटाचे. त्यांच्यातही पायांचा रंग बराच उपयोगी: छोट्या टिलव्याचे काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. पण चिखलाने माखलेला पाय कोणत्याही रंगाचा दिसतो. नाही पटलं तर ‘टिलवा, जात अनिश्चित – ४०’ असं लिहा. ही नोंद पूर्ण वैध आणि उपयुक्त आहे. चाळीसच्या चाळीस एका जातीच्या नावावर ढकलणं नाही. मोबाइलवरच्या मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपने सुचवलेलं नाव ही सूचना आहे, पुरावा नाही.

वहीतून ईबर्डवर

प्रत्येक जागेसाठी वेगळं पान. वर तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, किती जण, ढग-वारा-धुकं, पाणी किती (सांडव्याच्या कोणत्या पायरीपर्यंत, किंवा कुठल्या दगडापर्यंत). तळ्याचा किती भाग दिसला तेही. मग त्या वेळची वर्दळ: मासेमारी, गुरं, धुणी, पंप, मुरूम उपसा, भटकी कुत्री. पुढच्या वर्षी आकडा घसरला तर कारण याच ओळीत सापडतं. एकेक मोजलेला आकडा जसाच्या तसा लिहा, ४८६ म्हणजे ४८६. अंदाज असेल तर ५०० लिहून शेजारी ‘अंदाजे’. आणि जो पक्षी दर वेळी असतो तो त्या दिवशी नसेल तर मुद्दाम ‘०’ लिहा.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना तीन ठिकाणी नवखे अडखळतात. पहिलं, संख्येच्या जागी ‘एक्स’ टाकता येतो. टाकू नका, मग मोजणीचा उपयोगच उरत नाही. दुसरं, एका जागी उभं राहून केलेली यादी ‘स्थिर’ आणि चालत केलेली ‘प्रवासी’. तीस मीटरपेक्षा जास्त हललात तर ती प्रवासी, आणि अंतर एकेरी लिहायचं. त्याच वाटेने परत आलात तर दुप्पट करायचं नाही. तिसरं, शेवटी विचारतात की ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का. तुम्ही फक्त पाणपक्षी टिपले असतील आणि काठावरची साळुंकी, वेडा राघू, होला सोडून दिले असतील तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’. त्यापेक्षा साळुंक्याही मोजून ‘हो’ म्हणणं चांगलं. गटातल्या एकानेच यादी भरावी आणि बाकीच्यांना ती सामायिक करावी. तिघांनी तीन याद्या भरल्या तर तेच पक्षी तिप्पट होतात. जानेवारीच्या गणनेत भाग घ्यायचा असेल तर त्या वर्षीच्या सूचना आधी वाचून आपल्या जिल्ह्याच्या समन्वयकाकडे तळं नोंदवा.

नांदूर, उजनी, ठाणे

हात बसल्यावर मोठ्या जागा. नांदूर मध्यमेश्वर निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेलं उथळ, गाळाने भरलेलं पाणी. १९८६पासून अभयारण्य आणि राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे पाणथळींच्या रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतली जागा. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, आणि मनोऱ्यावरून दहांच्या जागा मांडायचा सराव फार छान होतो, कारण वरून बघितल्यावर मागचे पक्षी पुढच्यांच्या आड जात नाहीत.

उजनीचा फुगवटा म्हणजे भिगवण, कुंभारगाव, डिकसळ. इथे लोक रोहितांसाठी (फ्लेमिंगो) जातात आणि डिसेंबरात हिरमुसून परततात. रोहितांना उथळ पाणी लागतं. पाऊस चांगला झालेल्या वर्षी धरण तुडुंब असतं, चिखल उघडा पडत नाही आणि ते उशिरा येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उतरल्यावर जास्त दिसतात. निघण्याआधी गावातल्या नावाड्याला फोन करून ‘पाणी किती उतरलंय’ एवढंच विचारा. त्याच पाण्यावर हिवाळ्यात पट्टकादंब हंस असतात, डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून आलेले.

ठाणे खाडीचा हिशोब निराळा, तिथे भरती-ओहोटी बघावी लागते. भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी उंचवट्यांवर दाटीवाटीने बसतात, ओहोटीला लांबवर पांगतात. मोजायला भरतीच बरी. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात.

बोटीबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. फोटोसाठी थवा उडवायला नावाड्याला सांगणारे लोक दर हंगामात भेटतात, आणि जास्त पैसे मिळतात म्हणून नावाडीही ऐकतात. रोहितांची मान सरळ वर झाली, चोच चिखलातून निघाली, सगळे एका दिशेला तोंड करून चालू लागले, की तुम्ही आधीच फार जवळ आला आहात. तिथेच यंत्र बंद करायला सांगा. चरायच्या वेळी दिवसातून पाच-सहा वेळा उडवलेला पक्षी परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवू शकत नाही.

मार्चपासून जूनपर्यंत उघड्या पडलेल्या बेटांवर आणि वाळूच्या पट्ट्यांवर उतरूच नका. नदी सुरय, टिटव्या, शेकाटे जमिनीवरच अंडी घालतात आणि अंडी खड्यांसारखीच दिसतात. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालतेय म्हणजे घरटं जवळ आहे. आलात त्याच पावलांनी मागे या. दहा मिनिटं पालक दूर राहिले तरी भर उन्हात अंडी तापून जातात.

जानेवारीची गणना नेमकी संक्रांतीच्या आसपास येते. काठावरच्या झाडांत, तारांत अडकलेला नायलॉन मांजा दिसला तर काढून गुंडाळून घेऊन या. अडकलेला पक्षी ओढून सोडवू नका. डोक्यावर हलकं कापड टाका, पंख अंगाशी धरून ठेवा, मांजा कात्रीने कापा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले किंवा मान लुळी पडलेले दिसले तर हात लावायचा नाही. ती विषबाधा, बोट्युलिझम (जिवाणूंच्या विषाने येणारा लुळेपणा) किंवा बर्ड फ्लू असू शकतो. २०१९मध्ये राजस्थानच्या सांभर तलावावर बोट्युलिझमने हजारो पक्षी मेले. जागा, जात, अंदाजे संख्या आणि लांबून फोटो, एवढं वन विभागाला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच द्या. पायात कडी किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, रंग आणि अक्षरं टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.

आकडे कुठे द्यायचे

पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरवण्याचे रामसर करारातले दोन निकष थेट संख्येवर उभे आहेत: नियमितपणे २०,००० किंवा अधिक पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या त्या भागातल्या एकूण संख्येच्या एक टक्का. तुमचं गावतळं तिथवर जाणार नाही कदाचित, पण भराव टाकण्याचा किंवा सुशोभीकरणाचा विषय निघतो तेव्हा तीन वर्षांचे मासिक आकडे असलेला अर्ज आणि नुसता भावनिक अर्ज यांत फरक पडतो.

अर्ज करण्याआधी तळं कुणाचं ते शोधा: सातबारा बघा, गट क्रमांक लिहून घ्या, मालकी जलसंपदा विभागाची, जिल्हा परिषदेची, ग्रामपंचायतीची की खासगी ते पाहा. इथे एक मोठी मेख आहे. २०१७च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय वगळले आहेत, आणि आपल्याकडची पक्ष्यांनी गजबजलेली कितीतरी तळी नेमकी तशीच आहेत. अशा तळ्याच्या अर्जात पाणथळ नियमांचा दाखला दिला तर तेवढ्यावरच तो परत येतो. तिथे जमिनीची मालकी, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि ग्रामसभेचा ठराव यांच्या आधाराने लिहावं लागतं. अर्जासोबत एकाच जागेवरून, एकाच महिन्यात, दर वर्षी काढलेला फोटो जोडा. म्हणून पहिल्या पाहणीलाच एक दगड ठरवून ठेवा आणि दर वेळी त्याच दगडावरून फोटो काढा. अर्जाची एक प्रत मालकी असलेल्या विभागाला, एक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला आणि एक तहसीलदाराला द्या. चौथी आपल्यासाठी, तिच्यावर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.